ठकीच्या कुडावरच्या तारखा

८ ऑक्टोबर १९८१, गुरुवार

वरची वाडी. दीड तासाचा चढ, चपलेचा अंगठा पुन्हा तुटला, सेफ्टी पिन लावून उरलेली वाट. कातकऱ्यांची घरं बावीस. आरोग्य केंद्रातून मला दिलेल्या यादीत सत्तावीस आहेत. ही यादी कुणी केली, कुठे बसून केली, देव जाणे. वाडी बघून केलेली नाही एवढं नक्की.

ठकीला दिवस गेलेत, दोन महिने. मंगळ्याची बायको, दाराशी उंबर आहे ते घर. हिची आधीची दोन गेली. एक सातव्या दिवशी, एक आठव्या. 'दूध सोडलं, तोंड मिटलं ते उघडंचना, मंग अंग वाकडं झालं.' हे तिने सुपात नाचणी पाखडत सांगितलं, हात न थांबवता. धनुर्वात, दुसरं काय. आईच्या दंडात महिन्याच्या अंतराने दोन सुया पडल्या असत्या तर दोन्ही पोरं आज अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत असती.

'ठके, ह्या खेपेला दोन सुया घ्यायच्या.'
'दे की मंग.'
'आत्ता नाही गं. चौथा महिना लागला की.'
'तवा आमी भट्टीवर आसू.'

नियम चौथ्या महिन्यापासूनचा आणि कातकरी दिवाळी झाली की कोळशाच्या भट्टीवर. नियम करणाऱ्याने कातकरी पाहिलेला नसावा.

निघताना कुडाच्या भिंतीवर गेरूने तारीख आणि सही घातली. दाराच्या आत, उजव्या हाताला. साहेब लोक तपासणीला आले की माणसांकडे बघत नाहीत, ही तारीख बघतात. ठकीने कूड नव्याने सारवला आहे, पण माझ्या आधीच्या तारखांभोवती वीतभर जागा तशीच सोडून. म्हणाली, 'तुजं लिवलेलं पुसंल ना.'

१२ ऑक्टोबर, सोमवार

केंद्रावर मासिक मीटिंग. तीन तास. डॉक्टरांनी आकडे वाचले, आम्ही मान हलवली. मी विचारलं, वाडीतल्या बायकांना चौथ्याच्या आधी सुई दिली तर चालेल का, त्या परत हाती लागत नाहीत.

डॉक्टर: 'नियमात बसत नाही.'
'मग भट्टीवर जाऊन देऊ?'
'ती आपली हद्द नाही.'

सुपरवायझरबाईंनी मला बाहेर गाठलं. 'फार प्रश्न विचारता तुम्ही. तुमच्या वाड्या नेहमी मागे, आणि वर प्रश्न.'

लस घ्यायला फ्रिज उघडला तर बाटल्यांच्या शेजारी कुणाची तरी कोलंबी. पिशवीतून पाणी गळून खालच्या कप्प्यात आलेलं. वास अजून नाकात आहे. जेवले नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

रस्त्याला मुकादमाचा ट्रक. वाडी अख्खी भरली होती त्यात, टोपली, तवे, कोंबड्या, पोरं, एक कुत्रं. ठकी गाठोड्यावर बसलेली. मी विचारलं कुठे. 'घाटावर. गावाचं नाव ठावं नाय.' मुकादमाला विचारलं तर तो हसला. 'बाई, सुई पोष्टानं पाठवताय का काय?' ट्रकमधली माणसंही हसली. त्यांना हसावंच लागतं.

माझ्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत बर्फ, बर्फात बाटली. तिसरा महिना चालू. तिथल्या तिथे, ट्रकच्या फळीला टेकून, एका मिनिटाचं काम होतं. पण कार्डावर चौथ्याच्या आधीचा रकानाच नाही, मग दिलेली सुई दाखवायची कुठे.

दिली नाही. ट्रक गेला. धुरळा बसेपर्यंत तिथेच उभी होते बावळटासारखी.

३ डिसेंबर, गुरुवार

गावात. मोठ्या घरच्या धाकट्या सुनेला पाचवा महिना, पहिली सुई. मला पडवीत बसवलं, कारण मी वाडीवर जाते. चहा आला तो कानतुटक्या कपात. तो कप माझाच, वेगळा ठेवलेला असतो कोनाड्यात. सून आतून बाहेर आली, दंड पुढे केला, आत गेली.

सासूबाई म्हणाल्या, 'त्या कातोड्यांना कशाला हवेत गं हे लाड? कोंबडीसारख्या वितात त्या.'

चहा पूर्ण प्यायले. 'येते हं' म्हणाले. हसलेसुद्धा. नंतर ओढ्यावर चूळ भरली, उगाचच.

७ जानेवारी १९८२, गुरुवार

वरच्या वाडीवर चिटपाखरू नाही. तीन म्हातारी माणसं आणि बुधी. बुधी म्हणजे इथली सुईण, नाही म्हटलं तरी साठीची. वाडीतलं प्रत्येक पोर हिच्या हातातून आलेलं, ठकीची गेलेली दोन धरून. तिने मला ताडगोळा, नाही, चुकले, कसलासा कंद उकडून दिला. बरा होता.

जानेवारीचा रकाना कोरा ठेवायचा नाही असं सुपरवायझरबाई सांगून गेल्या आहेत. 'स्थलांतरित लिहू?' म्हटलं तर म्हणाल्या, 'लिहा. मग शेरा आला की माझ्याकडे रडत येऊ नका.' गेल्या वर्षी शेरा आला होता त्या बाईंची बदली पार म्हसळ्याकडे झाली.

ठकीच्या घराला दार म्हणजे एक झाप, तो दोरीने बांधलेला. दोरी सोडली. आत अंधार, चुलीत उंदराची लेंडकं. कुडावर तारीख घातली, सही केली, झाप पुन्हा बांधला. बुधी बाहेर उभी राहून बघत होती.

खाली आल्यावर कार्डावर पहिली सुई चढवली. ठकीची, आणि तिच्याबरोबर आणखी चौघींची.

१० जानेवारी, रविवार

हे मोहोपाड्याहून आले, साप्ताहिक सुट्टी. त्यांना सांगितलं. म्हणाले, 'एवढं काय त्यात? कारखान्यात आम्हीही मीटरचं रीडिंग टेबलावर बसूनच लिहितो.'

'आणि स्फोट झाला म्हणजे?'

'तेव्हा कुणाची पाळी असेल त्याचं नशीब.' आणि मटणाला मीठ कमी आहे म्हणाले.

११ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी सुई चढवली. तारखेला तारीख पाच आठवड्यांनी बरोबर जुळवून. तारखा जुळवण्यात मी हुशार आहे, शाळेत गणितात पहिली होते.

कुडावरही गेले. त्यासाठी मात्र इमानाने दीड तास चढले. खोटं लिहायला एवढं चढायचं आणि खरं काम करायचं तर हद्द आड येते.

आता रजिस्टरप्रमाणे पाच जणींचे दोन-दोन, म्हणजे दहा डोस संपले पाहिजेत. बाटली भरलेली. न्हाणीमागे जाऊन ओतली. तिथे अळू आहे. अळूला आता धनुर्वात होणार नाही.

हात साबणाने धुतले. दोनदा.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटिंग. माझं उपकेंद्र तालुक्यात पहिलं. डॉक्टरांनी उभं केलं, टाळ्या वाजल्या, सुपरवायझरबाईंनी स्वतःच्या हाताने पेन दिलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतल्या निम्म्या जणींच्या न्हाणीमागे अळू असणार. एकीने डोळा मारला मला.

त्याच पेनाने हे लिहिते आहे. शाई गळते.

१२ एप्रिल, सोमवार

वाडी परत आली. शिमग्यालाच यायची, ह्या वर्षी मुकादमाने महिनाभर जास्त डांबली. कळलं तशी दुपारचं ऊन न बघता चढले.

ठकी काळी ठिक्कर पडली आहे. पोट मात्र आठव्याचं. पायांना सूज. केसांत, नखांत, पापण्यांत कोळसा. मला बघून उठायला गेली, तिला खाली बसवलं.

तिने आधी काय केलं असेल, तर हाताला धरून मला आत नेलं आणि कूड दाखवला. तिला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. जाताना किती होत्या तिला पाठ. 'दोन वाढल्या. आमी नसताना तू दोनदा आलीस घर बघाया?'

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

'मी मंगळ्याला बोलले, बघ, बाय येऊन गेली. आपल्या घराकडं कोन बघतंय दुसरं?' मग शेजारणीला हाक मारून तिलाही दाखवलं. शेजारणीच्या कुडावरही दोन होत्या. दोघी कितीतरी वेळ ते गेरूचे फराटे बघत राहिल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं प्रथमच वाटलं.

पाणी प्यायले, पोट तपासलं, डोकं खाली आहे. सुईचं काहीच बोलले नाही. पिशवीत बाटली नव्हती. आणि रजिस्टरप्रमाणे हिला आता सुईची गरज नाही.

बुधीने ब्लेड मागितलं. सुईणींसाठी पत्र्याचे डबे येऊन दोन महिने झाले, आत नवं ब्लेड, दोरा, साबण. माझ्याच कपाटात आहेत. जिल्ह्याच्या साहेबांच्या हस्ते वाटायचे म्हणून सीलबंद, आणि साहेबांना सवड नाही. 'पुढच्या महिन्यात,' म्हटलं.

'बाळ काय म्हैना बघून येतंय व्हय?' बुधी म्हणाली.

१५ एप्रिल, गुरुवार

सुपरवायझरबाई तपासणीला. वरच्या वाडीपर्यंत स्वतः चढल्या, अकरा ठिकाणी बसत. 'काय गं हे जंगल!' नाकाला रुमाल. कूड पाहिले, तारखा ताडून बघितल्या, खूण केली. मग ठकीला विचारलं, 'नर्सबाई येतात का गं? सुया दिल्या का?'

ठकीने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, 'येती की. दोन दिल्या.'

म्हणजे तिला कळलं आहे. त्या दिवशी कळलं की आज, ते मला माहीत नाही. तिच्या दंडाला सुई लागलेली नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि ही बाई मला सांभाळून घेते. नाक धरून उभ्या असलेल्या त्या बाईसमोर, मला.

आणि मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं. ते आधी, लाज नंतर. ह्याची किळस कोलंबीच्या वासाहून जास्त आहे.

उतरताना सुपरवायझरबाई म्हणाल्या, 'बघा, मनावर घेतलं की होतं की नाही.'

२२ एप्रिल, गुरुवार

दहाच्या बाटलीतून अकरावा डोस निघतो, हात घट्ट असला तर. हे आम्हा सगळ्या जणींना माहीत असतं. मला तो पंधरा तारखेला आठवला नाही. आज गावातल्या दहा जणी झाल्यावर बाटली उलटी धरून शेवटचा थेंबन् थेंब ओढला आणि तशीच वाडीवर गेले. ठकीला टोचला.

'आता ही कितवी?' ती.
'पहिली.'
'बरं.'

बस, एवढंच. दुसरी वीस मेला. बाळंतपण मेच्या शेवटी धरलं आहे. त्याच्या आत दुसरी बसली तर काहीतरी पदरात पडेल. एका सुईचा भरवसा नाही, त्यात इतक्या उशिराच्या. पुस्तकात आहे ते.

मंगळ्या दारात बसून कोयत्याला धार लावत होता. म्हणाला, 'बाय, ह्या येळंला जगंल ना?'

'जगेल,' म्हटलं. कुठल्या तोंडाने म्हटलं कोण जाणे.

९ मे, रविवार

ठकी काल पहाटेच मोकळी झाली. तीन आठवडे आधी. मला आज बाजाराला उतरलेल्या शेजारणीकडून कळलं. हे आलेले होते, त्यांना पिठलं-भात करून घ्या म्हटलं आणि चढले.

मुलगा. लहान आहे पण रडतो खणखणीत. दूध ओढतो. नाळेवर राख.

बुधीला विचारलं कशाने कापली. तिने कूड दाखवला. त्यातलीच कारवीची कांब सोलून, तिच्या धारेने. 'ब्लेड कुटं दिलीस तू?' रागाने नाही म्हणाली, आठवण केल्यासारखी. गावच्या दुकानात दाढीचं ब्लेड मिळतं. एक घेऊन फडक्यात बांधून दिलं असतं तरी चाललं असतं. एवढं साधं मला एप्रिलभर सुचलं नाही. मी साहेबांची वाट बघत होते.

राख पुसली, स्पिरिट लावलं, नवं फडकं बांधलं. ठकी म्हणाली, 'आजचं लीव ना.' कुडावर माझी जागा तिने तशीच ठेवलेली, बाळंतपणाच्या आधी सगळं घर सारवून. तारीख घातली. अक्षर वाकडं आलं.

१० मे, सोमवार

पोराला स्वतःला धनुर्वात रोखणारी सीरमची सुई मिळाली तर अजून वेळ आहे. ती फक्त केंद्रावर, डॉक्टरांच्या कुलपात. सकाळच्या एस्टीने गेले.

डॉक्टर: 'आईला झालेत ना दोन डोस?' रजिस्टर ओढलं, बोट फिरवलं. 'हे काय. जानेवारी, फेब्रुवारी. मग सीरम कशाला?'

'नाळ कारवीने कापली आहे, साहेब.'

'आईचे दोन झालेत म्हटल्यावर बाळाला धोका नाही. पुस्तक वाचा जरा. सीरम मोजकं असतं, मला लिहून द्यावं लागतं कशाला दिलं ते.'

एवढंच बोलायचं होतं की ते दोन डोस खोटे आहेत. खोलीत आम्ही दोघंच. पंखा चालू. बदली दिसली, चौकशी दिसली, ह्यांचा चेहरा दिसला, टाळ्या वाजवणाऱ्या दिसल्या. 'बरं साहेब' म्हणून बाहेर पडले.

दहिवलीपर्यंत चालत आले तेव्हा लक्षात आलं की छत्री तिथेच राहिली. आणायला गेले नाही. तिथे परत गेले असते तर छत्रीबरोबर ते बोलणंही आणावं लागलं असतं.

१२ मे, बुधवार

पाचवा दिवस. वाडीत पाचवी पुजली. सुपात तांदूळ, दिवा, कोयता. बाळाच्या नशिबात काय ते सटवाई लिहून जाते म्हणतात. बुधी मला म्हणाली, 'तू बी लिवतीस, ती बी लिवती.' बाकीच्या हसल्या.

पोर ओढतं आहे. तोंडात बोट घालून बघितलं, सैल आहे. नाळ अजून ओली.

ठकीला दोन्ही हात भरून बांगड्यांची हौस. काचेच्या हिरव्या, बाजारातून आणलेल्या. मागच्या दोन्ही वेळेला सातव्यापर्यंत घातल्या नव्हत्या म्हणे. ह्या वेळी पाचवीलाच घातल्या. 'सुई घेतलीया ना,' म्हणाली.

१४ मे, शुक्रवार

सातवा. रोज चढते आहे. बाकीची गावं राहिली, राहू देत. रजिस्टरमध्ये काहीही लिहीत नाही, पान कोरं. कोरं पान किती स्वच्छ दिसतं.

पोर रडलं, प्यायलं, झोपलं. नाळेभोवती लाली. मंगळ्या आज कामाला गेला नाही. उंबराखाली बसून होता. मी उतरायला लागले तशी म्हणाला, 'उद्याचा एक गेला की झालं, नाय का?'

धनुर्वात आठव्यानंतरही होतो. सांगितलं नाही.

१५ मे, शनिवार

आठवा.

उजाडता निघाले, आठला वर. ठकी दारातच. 'सकाळपास्नं नीट वढत नाय.' हात धुतले, बोट तोंडात घातलं. त्याने हिरड्यांनी धरलं. ते चोखणं होतं की आवळणं, मला कळेना. अकरा वर्षं नोकरी झाली. कळेना.

'चल,' म्हटलं. ठकी, मंगळ्या, मी. एस्टीत कंडक्टर म्हणाला, 'मागं बसा रं, कातोडी.' मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. पुढे बसलो.

कर्जतला मोठ्या दवाखान्यात नवे डॉक्टर, वयाने लहान. पोर तपासलं. हनुवटीवर टिचकी मारली, पाय ओढून बघितले. मग कार्ड मागितलं. ठकीने कनवटीतून काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेलं. भट्टीवरून आल्यावर मीच पूर्ण करून दिलेलं.

'आईचे दोन्ही डोस झालेत. मग धनुर्वात नसणार. तोंड आलं असेल. लावायला औषध देतो, घरी न्या.' आणि खात्री करायला ठकीला, 'दोन सुया घेतल्या ना गं?'

ठकीने माझ्याकडे पाहिलं. तसंच, एकदाच.

'घेतल्या की. बाय दोनदा आलती. घरावर लिवलंय.'

मांडीवर ते पोर. ह्याच आजाराने दोन गेलेली, ती हिच्यादेखत. आणि मला वाचवायला ही बाई हे बोलली. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

मी म्हणाले, 'खोटं आहे. एकच दिली आहे. तीसुद्धा बाळंतपणाच्या सोळा दिवस आधी.'

लिहिणं थांबलं. 'मग कार्डावरची सही कुणाची?'

'माझी.'

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला पुरेल. शिव्या दिल्या नाहीत. सिस्टरला हाक मारली, सीरम काढायला लावलं, पोराला आतल्या खोलीत नेलं. उजेडाने, आवाजाने झटका येऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, पडदे ओढले, कुणी बोलायचं नाही, दाराचा आवाज करायचा नाही. मी विचारलं तर म्हणाले, 'आत्ताच काही सांगता येत नाही. साधं असू शकतं. नसूही शकतं. दोन दिवस जाऊ देत.' आणि मग, 'हे सीरम पहिल्या दिवशी का नाही दिलं?'

सांगितलं. तेही सांगितलं.

मंगळ्या बाहेर पायरीवर जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून. योग्यच आहे ते. ठकी बाकावर होती. बांगड्या वाजतात म्हणून सिस्टरने काढायला लावल्या होत्या, त्या पदरात बांधून. तिच्या शेजारी बसायची हिंमत नव्हती, बसले. वाटलं, आता ही बोलेल. बोलावं, थुंकावं तोंडावर.

ती म्हणाली, 'कशाला बोललीस, बाय?'

मग पदराची गाठ चाचपत, 'आता तुला काढतील ना. मंग वाडीवर कोन येनार?'

पाचची एस्टी चुकली. सहाच्या गाडीने आले. कपाट उघडून डब्यांची सीलं तोडली, सगळी ब्लेडं पिशवीत भरली. उद्या पहिल्या गाडीने कर्जत, तिथून वाडीवर बुधीकडे. पोर सकाळी कसं आहे ते कळल्यावर मंगळ्यासमोर उभं राहायचं आहे.